जुन्या जीपचं जड स्टिअरिंग: मूळ बॉक्स दुरुस्त करावा की इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवावं?

विलीस किंवा महिंद्राची सीजे-३बी चालवणाऱ्याला स्टिअरिंग जड झाल्यावर दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे किंगपिनपासून (ज्या पिनेवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं) रॉस बॉक्सपर्यंत (स्टिअरिंगचा मूळ गिअरबॉक्स) सगळं उघडून मूळ काम नीट करणं. दुसरा, भंगारातल्या एखाद्या छोट्या गाडीचा ईपीएस (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग) कॉलम, म्हणजे मोटर लावलेला स्टिअरिंगचा दांडा, आणून बसवणं. बोलेरोसारखा हायड्रॉलिक बॉक्स हाही मार्ग आहे, पण त्यासाठी चासीवर वेल्डिंग आणि इंजिनवर पंपाचा ब्रॅकेट आला. जुनी गाडी जुनीच ठेवायची असेल तर तो विचार सहसा तिथेच थांबतो. तेव्हा खरी तुलना पहिल्या दोघांचीच.

निर्णयाआधी अर्धा तास काढा. हवा बघा आणि टायरचा साइझही बघा. मूळ ६.००-१६ च्या जागी रुंद टायर टाकलेले असतील, तर निम्मा जडपणा तिथेच असू शकतो. मग पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या आणि ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून बाहेर येणारा आर्म) ड्रॅग लिंक, म्हणजे पुढे जोर नेणारा दांडा, सोडवा. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जड लागलं तर दोष बॉक्समध्ये किंवा कॉलममध्ये आहे. डॅशखालचा कॉलमचा ब्रॅकेट सैल करून पुन्हा फिरवा. लगेच हलकं झालं तर बॉक्स चांगला आहे, कॉलम ताणून बसवलेला आहे. बॉक्स पहिल्यापासूनच हलका फिरला तर चाकं हाताने डावी-उजवी करून पाहा. तिथे जोर लागला तर किंगपिन, बेलक्रँक (ड्रॅग लिंकचा जोर चाकांच्या टाय रॉडकडे वळवणारा आर्म) किंवा टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट).

मूळ कामात सगळ्यात दुर्लक्षित जागा बेलक्रँकची. क्रॉस मेंबरवरची ती पिन धूळ आणि चिखलात असते, ग्रीसचा निपल बुजलेला असतो, आणि ग्रीस गन लावली तरी ग्रीस बाजूने बाहेर येतं, आत जात नाही. पिन काढून, घासून, नवा किट टाकल्याशिवाय तिचा जडपणा जात नाही. ड्रॅग लिंकच्या टोकांचे प्लगही असेच. ढिलाई घालवायला कोणीतरी ते पूर्ण आवळून ठेवतो आणि बॉल जॅम होतो. बेलक्रँककडचा प्लग घट्ट बसवून अर्धा फेरा मागे घ्यायचा, ड्रॉप आर्मकडचा एक पूर्ण फेरा, आणि मग स्प्लिट पिन.

किंगपिनची बेअरिंगं वर-खाली टेपर रोलरची असतात. वर्षानुवर्षं सरळ चालून कपावर (बेअरिंगची बाहेरची रिंग) रोलरचे खड्डे पडतात. मग स्टिअरिंग मधोमध एका खाचेत अडकल्यासारखं होतं, ती खाच सोडून पुढे गेलं की हलकं लागतं. असं असेल तर कितीही ग्रीस भरा, उपयोग नाही. कप आणि कोन (आतली रिंग) दोन्ही बदला. प्रीलोड, म्हणजे बेअरिंग किती दाबून बसवायचं ते, शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्या) ठरतो. शिम ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३० इंच जाडीत येतात. वर आणि खाली जाडी शक्यतो सारखी ठेवा, नाहीतर हबकडे जाणाऱ्या शाफ्टचा जॉइंट मध्यावर राहत नाही. ऑइल सील आणि फेल्ट न बसवता, स्प्रिंग काट्याने चाकाकडचा स्टिअरिंग आर्म ओढून मॅन्युअलातल्या आकड्याशी जुळवा. सील बसवून मोजलं की सीलचा ओढा बेअरिंगच्या खात्यात जातो आणि बेअरिंग ढिलं राहतं.

रॉस बॉक्सचा एक दोष जवळजवळ प्रत्येक गाडीत सापडतो: आत ऑइलऐवजी ग्रीस. खालचं सील गळतं म्हणून ग्रीस भरतात. कॅम (स्टिअरिंगच्या नळीच्या टोकाचा स्क्रू) फिरला की ग्रीस बाजूला सरकतं, परत येत नाही, आणि त्याच्या खाचेत चालणारा पेग कोरड्या धातूवर घासतो. सील बदलून ९० नंबरचं गिअर ऑइलच भरावं. साइड कव्हरवरचा स्क्रू चाकं सरळ ठेवूनच लावायचा, मधोमध किंचित ओढ लागेल इतपत. टोकांना थोडी ढिलाई राहणारच, कारण कॅम मध्यावर मुद्दाम उंच केलेला असतो. टोकाला ढिलाई दिसते म्हणून तिथे स्क्रू आवळला की मध्यावर स्टिअरिंग अडकतं. शेवटी टो-इन, म्हणजे चाकं पुढून जेवढी आत वळलेली ठेवायची ते, ३/६४ ते ३/३२ इंच.

आता ईपीएस. त्याचं मोठं श्रेय आधी देतो: उभ्या गाडीचं स्टिअरिंग एका हाताने फिरतं. खांदा दुखणाऱ्या माणसाला किंवा गर्दीत रोज गाडी काढणाऱ्याला याची किंमत कळते. चांगला फिटर कॉलम, दोन युनिव्हर्सल जॉइंट आणि वायरिंग नेटकं बसवून देतो.

तरी माझा कौल मूळ दुरुस्तीकडे झुकला तो एका गोष्टीमुळे. ईपीएसच्या कंट्रोलरला मूळ गाडीकडून वेगाचा आणि इंजिनचा सिग्नल मिळत असतो. जीपमध्ये तो नाही. बहुतेक युनिट मग एका ठरावीक मदतीवर चालतात: पार्किंगमध्ये जेवढं हलकं, तेवढंच ताशी ६० किलोमीटरवर. जीपचा व्हीलबेस फक्त ८० इंच. वेगात बोटभर हललं तरी गाडी सरकते, आणि वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं. हातांना रस्त्याची खबर मिळेनाशी होते. मदत कमी-जास्त करायचा नॉब लावतात, पण वेग बदलेल तसा तो कोण फिरवत बसणार? कदाचित दुसऱ्या कुणाला याची सवय होईल. मला ही गोष्ट खटकतच राहिली.

बाकीच्या अडचणी या एकीपुढे लहान आहेत, पण आहेत. जुना डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच चार्जिंग देत नाही, आणि मोटर सगळ्यात जास्त करंट नेमका तेव्हाच ओढते. म्हणजे अल्टरनेटर आला. रॉस बॉक्सचा कॅम आणि स्टिअरिंगची नळी एकसंध असते. कॉलम बसवायला ती नळी कापावी लागते, हॉर्नची वायर वेगळी न्यावी लागते, आणि कापलेली नळी परत होत नाही. मोटर बॉक्सच्या अलीकडे बसते, त्यामुळे तिचा सगळा जोर त्याच जुन्या पेगवर जातो. अडकलेला किंगपिन मोटर मुकाट्याने ढकलत राहते. दोष तसाच राहतो, फक्त हाताला लागत नाही.

कागदपत्रांचंही बघा. ५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल, तर गाडी मूळ स्वरूपात हवी. कापलेल्या कॉलमवर तपासणीत प्रश्न येऊ शकतो.

गाडी रोज शहरात चालते आणि हातात ताकद नाही, अशांना ईपीएसला मी नाही म्हणणार नाही. फक्त क्रम असा ठेवा: आधी किंगपिन, बेलक्रँक आणि बॉक्सचं ऑइल, मग महिनाभर चालवून बघा. त्यानंतरही कॉलम घ्यायचाच असेल तर जुनी नळी कापू नका. दुसरा बॉक्स मिळवून त्याची नळी कापा, मूळ बॉक्स ऑइल लावून जपून ठेवा, आणि नव्या शाफ्टच्या दोन्ही जॉइंटचे योक (काट्यासारखे भाग) एका रेषेत आहेत ना, हे बसवतानाच बघून घ्या. नाहीतर स्टिअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागेल.