ज्येष्ठमधाची काडी, सात महिने चघळल्यावर

परळला दहावीचे क्लास घेते, रोज चार-पाच तास बोलणं, त्यात खाली रस्त्याचं खोदकाम, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी आवाज बसायचा. गोळ्या झाल्या, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी शेजारच्या आपा मला भेंडी बाजारात त्यांच्या ओळखीच्या हकीमसाहेबांकडे घेऊन गेल्या. त्यांनी नाडी बघून चिठ्ठीवर लिहिलं असलुस्सूस मुकश्शर. मला वाटलं काहीतरी भारी औषध असणार, काष्ठौषधीच्या दुकानात पुडी सोडली तर आत आपला ज्येष्ठमध! असल म्हणजे मूळ, सूस म्हणजे ते झाड, आणि मुकश्शर म्हणजे साल काढलेलं. युनानीत साल खरवडूनच वापरतात म्हणे.

पावडर घेऊ नका, काडीच घ्या. पावडरीत काय मिसळलंय कळत नाही, कधी गुंजेचं मूळही ज्येष्ठमध म्हणून खपवतात. चांगली काडी मोडली की आत पिवळी आणि तंतूतंतूंची दिसते, चव आधी गोड आणि मागून किंचित कडवट.

फरक? दहा दिवसांत घशाची खवखव गेली, सुका खोकला थांबला, आणि बोनस म्हणजे रात्रीची जळजळ पण कमी झाली. रात्री तीन ग्रॅमची काडी ठेचून भिजत घालायची, सकाळी उकळून गाळून प्यायची. साखर लागतच नाही, यातलं ग्लायसिरायझिन साखरेच्या कितीतरी पट गोड असतं. सत मुलेठीची काळी कांडी पण मिळते, म्हणजे मुळाचा आटवलेला अर्क, ती प्रवासात बरी पण जास्त स्ट्राँग.

आता गडबड. हकीमसाहेबांनी स्पष्ट सांगितलेलं, चाळीस दिवस, मग बंद. मी केलं काय, काढा तर चालूच, वर दिवसभर पर्समध्ये काडी, लेक्चर संपलं की तोंडात, घरचंच तर आहे त्याला काय होतंय! सातव्या महिन्यात पाय सुजायला लागले, जिना चढताना पिंढऱ्या गळून जायच्या, बीपी १५२/९६, आणि पोटॅशियम कमी. फॅमिली डॉक्टरने दोनच प्रश्न विचारले आणि दुसरा होता ज्येष्ठमध खाता का. त्यांनी समजावलं की यामुळे किडनीत कॉर्टिसोल हे हार्मोन निकामी करणारं एन्झाइम अडतं, मग शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. युरोपात तर दिवसाला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लायसिरायझिन नको असा सल्ला आहे, माझं किती जात होतं देव जाणे.

सगळं बंद केलं, तीन आठवड्यांनी बीपी जागेवर. मी तणतणत हकीमसाहेबांकडे गेले तर ते शांतपणे म्हणाले, बेटा, आमच्याकडे प्रत्येक दवेचं मुजिर लिहिलेलं असतं, म्हणजे ती कुठे नुकसान करते, आणि मुसलेह पण, म्हणजे त्यावरचा उतारा. ज्येष्ठमधाचं मुजिर गुर्दा, म्हणजे किडनीच, उतारा कतीरा गोंद. पण कतीरा घालून सात महिने खा असं कोणी सांगितलं नव्हतं. काय बोलणार, चूक माझीच.

बीपीवाले, किडनीवाले, लघवीची गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणारे आणि गरोदर बायका, तुम्ही याच्या वाटेला जाऊच नका, आधी डॉक्टरला विचारा.

माझ्यापुरतं सांगायचं तर घशाला रामबाण, पाचपैकी चार. आवाज बसला की चार दिवस घेते, जास्तीत जास्त पाच. काड्यांच्या डबीवर बंद करायची तारीख स्केचपेनने लिहिलीय, आणि ती डबी नवऱ्याकडे असते.