सस: यूएक्सची दहा वाक्यांची मोजपट्टी, आणि ती मराठीत वापरताना कुठे घसरते

यूएक्सच्या, म्हणजे ॲप-साइट वापरणाऱ्याचा अनुभव घडवण्याच्या, कामात विद्यापीठ आणि कंपनी यांची गाठ फारशी पडत नाही. शोधनिबंध वीस पानांचा असतो आणि इकडे स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांत संपतो. तरीही एक साधन असं आहे की पीएच.डी.च्या प्रबंधातही दिसतं आणि सोमवारच्या प्रॉडक्ट मीटिंगमधल्या स्लाइडवरही. ते म्हणजे एखादी वस्तू वापरायला किती सोपी वाटते हे मोजणारं सिस्टिम यूजेबिलिटी स्केल, बोलताना नुसतं 'सस'. दहा वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५ मधला एक आकडा, आणि शेवटी ० ते १०० मधला एक स्कोअर. एका माणसाकडून भरून घ्यायला दोन-तीन मिनिटं पुरतात. किंमत शून्य. अहवाल प्रसिद्ध केला तर मूळ स्रोताचा उल्लेख करावा, एवढीच अट.

हे साधन प्रयोगशाळेत नाही, कामाच्या जागी तयार झालं, आणि त्याचं टिकणं त्यातच आहे. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगला, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत ते बनवलं. आधी ५० वाक्यं गोळा केली. मग ऑफिसातल्या २० जणांना दोन प्रणाली दाखवल्या, एक अगदी सोपी आणि एक जाणकारालाही न जमणारी. ज्या दहा वाक्यांवर लोकांची मतं सगळ्यात ठाम आली, ती ठेवली. १९९६ मध्ये ते छापून आलं आणि पुढचं काम संशोधकांनी केलं. बँगर, कॉर्टम आणि मिलर यांनी २००८ मध्ये दोन हजारांहून जास्त भरलेल्या प्रश्नावल्या तपासल्या, तेव्हा सरासरी ७०च्या आसपास निघाली. जेफ सॉरो यांनी सुमारे ५०० अभ्यासांवरून मधला आकडा ६८ काढला. म्हणजे साधन कंपनीच्या ऑफिसातून आलं आणि त्यावरच्या खुणा नंतरच्या संशोधकांनी कोरल्या. असं जमून आलेलं दुसरं साधन या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

आता गणित, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. विषम क्रमांकाची वाक्यं कौतुकाची आहेत, सम क्रमांकाची तक्रारीची. विषम वाक्याच्या उत्तरातून १ वजा करायचा. सम वाक्याचं उत्तर ५ मधून वजा करायचं. दहाही आकड्यांची बेरीज करून २.५ ने गुणायचं. समजा एकाची उत्तरं क्रमाने ४, २, ४, १, ४, ३, ५, २, ४, २ अशी आली. विषम बाजूचे ३, ३, ३, ४, ३ मिळून १६. सम बाजूचे ३, ४, २, ३, ३ मिळून १५. बेरीज ३१, स्कोअर ७७.५. चांगला स्कोअर आहे. आता सम वाक्यं उलटी करायला विसरलात आणि सगळ्यांतून सरसकट १ वजा केला, तर त्याच माणसाचा, त्याच उत्तरांचा स्कोअर ५२.५ येतो. पंचवीस गुणांची तफावत, आणि एक्सेलसारख्या शीटमध्ये कुठेही लाल खूण दिसत नाही. हे काल्पनिक भय नाही. सॉरो आणि लुईस यांनी २०११ मध्ये २७ डेटासंच तपासले, त्यांतल्या ३ संचांत नेमकी हीच चूक निघाली. शीटमध्ये सूत्र असं बसवावं: विषम उत्तरांची बेरीज, वजा सम उत्तरांची बेरीज, अधिक २०, आणि त्या सगळ्याला गुणिले २.५. पहिल्या ओळीचा हिशेब हाताने करून ताळा घ्यावा, मगच सूत्र खाली ओढावं.

याच रचनेत एक फुकटचा पहारेकरीही आहे. न वाचता सरळ रेघ ओढणाऱ्याने दहाही ठिकाणी ५ दिला काय किंवा १ दिला काय, स्कोअर बरोबर ५० येतो. शीटमध्ये नेमके ५० आलेले लोक वेगळे काढून त्यांची मूळ उत्तरं बघावीत. दहाही आकडे एकच असतील तर त्या माणसाने वाक्यं वाचलेलीच नाहीत.

स्कोअर वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाची एक खास गल्लत होते. साठच्या वर फर्स्ट क्लास, पस्तीसला पास, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे ६८ बघून क्लायंट खूश होतो. पण ससचे गुण टक्के नाहीत. ६८ म्हणजे तपासलेल्या सगळ्या प्रणालींच्या रांगेत बरोबर मध्ये. ८० च्या थोडं वर गेलात तर वरच्या दहा टक्क्यांत. आणि ५१ म्हणजे आपल्या हिशेबात आरामात पास, पण प्रत्यक्षात तळाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास. बँगर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना एका शब्दात मत विचारलं, तर 'ठीक' म्हणणाऱ्यांची सरासरी ५०.९ आली, 'चांगलं' म्हणणाऱ्यांची ७१.४ आणि 'उत्तम' म्हणणाऱ्यांची ८५.५. अहवालात आकड्याशेजारी टक्क्याची खूण कधीही टाकू नये, आणि मधला आकडा ६८ आहे हे त्याच ओळीत लिहावं.

मराठीत वापरायचं तर शब्दशः भाषांतर उपयोगाचं नाही. 'ही प्रणाली अनावश्यकरीत्या गुंतागुंतीची आहे' हे वाक्य सरकारी परिपत्रकात शोभेल. भाजी विकणाऱ्या बाईंना पेमेंट ॲपबद्दल विचारताना ते कामाचं नाही. बोलीत आणलेला मसुदा असा होऊ शकतो:

१. हे ॲप मला वरचेवर वापरायला आवडेल.
२. हे ॲप विनाकारण किचकट केलंय असं वाटलं.
३. हे ॲप वापरायला सोपं वाटलं.
४. हे वापरायला मला जाणकार माणसाची मदत लागेल.
५. यातल्या वेगवेगळ्या सोयी एकमेकींशी नीट जुळलेल्या वाटल्या.
६. एकाच गोष्टीसाठी ठिकठिकाणी वेगळी पद्धत आहे असं फार जाणवलं.
७. बहुतेक लोक हे ॲप अगदी पटकन शिकतील.
८. हे वापरताना फार कटकट वाटली.
९. हे वापरताना आपण बरोबर करतोय याची मला पूर्ण खात्री होती.
१०. हे वापरायला लागण्याआधी मला बरंच काही शिकावं लागलं.

आठव्या वाक्याकडे नीट बघा. मूळ इंग्रजीतला 'कंबरसम' (अवजड) हा शब्द इंग्रजी मातृभाषा नसलेल्या बऱ्याच जणांना कळत नाही, हे फिनस्टॅड यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, आणि तेव्हापासून तिथे 'ऑकवर्ड' हा सोपा शब्द वापरायची पद्धत पडली. मराठीत त्या जागी 'किचकट' सुचतं, पण ते दुसऱ्या वाक्यात येऊन गेलेलं असतं. मग माणूस वर जाऊन आधीचा आकडा बघतो आणि तोच पुन्हा लिहितो. 'कटकट' वेगळं आहे. किचकट म्हणजे समजायला अवघड, कटकट म्हणजे समजलं तरी जीव नकोसा करणारं. दर वेळी ओटीपी मागणारं ॲप कटकटीचं असतं, किचकट असेलच असं नाही. सहाव्या वाक्यात 'विसंगती' हा शब्द ठेवला तर बरेच जण मधला ३ देऊन मोकळे होतात, म्हणून तिथे अर्थ उलगडून लिहावा लागतो. नवव्यात 'करतोय की करतेय' हा घोळ 'आपण'ने सुटतो.

उत्तरांची नावंही बोलीतलीच हवीत. 'तीव्र असहमत' ऐवजी 'अजिबात पटत नाही', आणि दुसऱ्या टोकाला 'पूर्ण पटतं'. वाक्यांत 'नाही' येऊ देऊ नका. 'हे वापरायला सोपं नाही' याला 'पटत नाही' म्हणायचं, तर माणूस दोन नकारांत अडकतो आणि उलट आकडा देतो.

हा मसुदा आहे, प्रमाणित आवृत्ती नव्हे. प्रमाणित करायची तर दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावं, तिसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यावं, फरक पडेल तिथे वाक्य बदलावं. मग पाच-सहा जणांना ती वाक्यं मोठ्याने वाचून, 'यातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारावं. एवढं होईपर्यंत आपला आकडा ६८ शी भिडवताना जपून बोलावं. आपल्याच जुन्या आवृत्तीशी तुलना मात्र खुशाल करावी, कारण दोन्हीकडे शब्द तेच असतात.

तोंडी भरून घ्यायची वेळ आली तर पाचही पर्याय एका दमात वाचून दाखवू नका, ऐकणाऱ्याला शेवटचाच लक्षात राहतो. आधी विचारा, 'पटतं, की नाही पटत?' मग 'थोडं, की पूर्ण?' सांगता येत नाही म्हणाले तर ३ लिहा. वाक्य सोडून दिलं तरी ३ च, हा नियम ब्रुक यांचाच आहे. समोर बसलेल्या पाहुण्याच्या वस्तूला नावं ठेवायला आपल्याकडे लोक बिचकतात. यूएक्स तज्ज्ञ अपाला लाहिरी चव्हाण यांनी भारतीय लोकांच्या चाचण्यांसाठी सिनेमासारखा नाट्यमय प्रसंग रचण्याची पद्धत काढली ती याच अडचणीवर. म्हणून ज्याने डिझाइन केलंय त्याने सस कधीच भरून घेऊ नये. फॉर्म हातात द्यावा आणि दोन पावलं बाजूला व्हावं. वेळही महत्त्वाची: टास्क, म्हणजे चाचणीत करायला दिलेलं काम, संपल्याबरोबर, गप्पा सुरू होण्याआधी. आधी चर्चा झाली तर आकड्यांत तुमचंच बोलणं परत येतं.

गूगल फॉर्मवर घेत असाल तर ग्रिडचा, म्हणजे सगळी वाक्यं एका तक्त्यात मांडणारा, प्रश्न टाळा. मोबाइलवर ग्रिड उजवीकडे सरकवावी लागते आणि ५ चा गोल पडद्याबाहेर राहतो. दहा वेगळे प्रश्न करा.

किती माणसं हवीत, यावर टलिस आणि स्टेटसन यांचं २००४ चं काम आहे. दोन साइटींपैकी सरस कोणती हे ससने १२ ते १४ जणांत बऱ्यापैकी विश्वासाने सांगितलं. पण सरस ठरवणं वेगळं आणि नेमका आकडा सांगणं वेगळं. १२ जणांची सरासरी ७२ आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, २० असेल, तर खरा आकडा साधारण ५९ ते ८५ यांत कुठेही असू शकतो. तेच ३० जणांत सुमारे ६४.५ ते ७९.५. मागच्या रिलीजला ७० आणि आता ७२, दोन्ही वेळा बारा-बारा माणसं, आणि स्लाइडवर 'सुधारणा' असं लिहिलेलं दिसलं तर ती स्लाइड काढून टाका.

साधनाच्या मर्यादा खऱ्या आहेत. काय बिघडलंय हे सस सांगत नाही. सुटं वाक्य घेऊन त्यावरून निदान करू नका, असं ब्रुक यांनी स्वतःच बजावलं होतं. २००९ मध्ये लुईस आणि सॉरो यांनी मांडलं की चौथं आणि दहावं वाक्य मिळून 'शिकायला किती सोपं' हे वेगळं मोजतात. पुढे २०१७ मध्ये, नऊ हजारांहून जास्त प्रश्नावल्या तपासून, त्यांनीच ते मागे घेतलं. ती फूट मुख्यतः कौतुक आणि तक्रार या सुरांमुळे पडते आणि सस एकसंध धरावं, असा निष्कर्ष निघाला. पहिला निबंध बाजारात पोचला, दुसरा अजून पोचलेला नाही. आजही अहवालांत शिकण्याचा वेगळा उपस्कोअर छापला जातो. संशोधक स्वतःची चूक जाहीरपणे दुरुस्त करतात, तेव्हा ती दुरुस्ती उचलणं हे आपलं काम आहे.

पहिलं वाक्यही सगळीकडे बसत नाही. पीककर्जासाठी वर्षातून एकदा डिजिटल सातबारा काढणाऱ्या शेतकऱ्याला 'वरचेवर वापरायला आवडेल का' असं विचारलं, तर तो नाहीच म्हणणार, साइट कितीही सोपी असो. अशा वेळी ते वाक्य गाळून उरलेल्या नऊंची बेरीज २.७८ ने गुणायची. एखादं वाक्य गाळल्याने एकूण स्कोअरमध्ये नगण्य फरक पडतो, हेही लुईस आणि सॉरो यांनी २०१७ मध्येच तपासलंय.

म्हणून सस एकटं वापरू नये. सोबत टास्क पुरा झाला की नाही, किती वेळ लागला आणि माणूस कुठे थबकला याची नोंद हवीच. पैसे चुकीच्या खात्यात पाठवूनही 'सोपं वाटलं' म्हणणारे लोक असतात, आणि ते फक्त नोंदवहीत दिसतात.

चालू ॲपमध्ये पॉपअप म्हणून दहा वाक्यं दाखवायची असतील तर मात्र सस घेऊ नका, लोक तिसऱ्या वाक्यालाच बंद करतील. तिथे युमक्स-लाइट ही २०१३ मधली दोन वाक्यांची प्रश्नावली जास्त बरी: माझ्या गरजा यातून भागतात, आणि हे वापरायला सोपं आहे. चाचणीच्या टेबलावर, समोर माणूस आणि हातात कागद असताना, ससच.