तीन ट्यूब की चोवीसचा डबा?

पुण्यात अप्पा बळवंत चौकात रंग घ्यायला गेलं की चोवीस रंगांचा डबा पटकन नजरेत भरतो. चित्र लगेच उठावदार होतं, हे खरं. पण हिरवा आयता मिळाला की तो कसा होतो, ते शिकायचं राहूनच जातं.

त्यापेक्षा तीनच ट्यूब घ्या: लेमन यलो (पिवळा), क्रिमसन (लाल), अल्ट्रामरीन (निळा). अल्ट्रामरीनला मुळातच तांबूस झाक असते, म्हणून त्याचा हिरवा जरा मळकट, शेवाळी येतो. पावसाळा सरतानाच्या वेताळ टेकडीला तोच शोभतो! मिसळताना आधी पिवळा घ्या आणि निळा ब्रशच्या टोकाने, अगदी किंचित. गडद रंग फिक्याला चटकन खाऊन टाकतो. तिन्ही एकत्र केले की तपकिरी आणि करड्या छटा निघतात. वाड्यातल्या जुन्या लाकडाला, सावल्यांना त्या डब्यातल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत वाटतात.

डबा एका बाबतीत सरस आहे. क्रिमसन निळसर झाकेचा असल्यामुळे झेंडूचा झगझगीत केशरी या तिघांतून निघत नाही. तेवढ्यासाठी अख्खा डबा कशाला? केशरीची एक सुटी ट्यूब आणा.