थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर सिगार: सावलीतल्या पानाचा की उन्हातल्या?

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकन सणाला, घरी पंधरा माणसं जेवायला येणार आहेत, टर्कीची ऑर्डर गेली आहे, आणि जेवणं झाली की साडू-मेहुण्यांबरोबर मागच्या डेकवर एकेक चांगला सिगार ओढायचा बेत आहे. इथवर सगळं सोपं असतं. सिगारच्या दुकानातल्या दमट काचेच्या खोलीत शिरलं की गोंधळ उडतो. चहूबाजूंनी फळ्यांवर उघड्या पेट्या मांडलेल्या असतात आणि दुकानदार पहिलाच प्रश्न टाकतो, ‘लाइट हवा की डार्क?’ हा आढावा त्या एका प्रश्नापुरता आहे.

मी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डजवळ राहतो. इन्शुरन्स कंपन्यांच्या आयटीमुळे या भागात मराठी घरं बरीच. ब्रॅडली विमानतळावरून घरी येताना शेतांच्या कडेला उभ्या फळ्यांचे लांबलचक लाकडी बार्न दिसतात. ते तंबाखू वाळवण्यासाठी बांधलेले आहेत, हे इथं वर्षानुवर्षं राहिलेल्यांनाही कधीकधी माहीत नसतं. दुकानदार ज्यांना लाइट आणि डार्क म्हणतो ती दोन्ही नावाजलेली पानं याच कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातली. एकाला शेड म्हणतात, दुसऱ्याला ब्रॉडलीफ. थँक्सगिव्हिंगचा सणही न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या याच ईशान्य भागातला, त्यामुळे तुलना या दोघांचीच करतो. बाकीच्या पानांच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका.

पानं कशी तयार होतात

सिगारच्या आत भरणा असतो, त्याला बांधून ठेवणारं एक पान असतं आणि सगळ्यांत वर गुंडाळलेलं रॅपर. शेड आणि ब्रॉडलीफ ही दोन्ही रॅपरची पानं. दिसणं, जळणं आणि जिभेवर पहिली येणारी चव बरीचशी रॅपरवर अवलंबून असते.

शेडची लागवड इथं 1900 च्या सुमारास विंडसर गावात सुरू झाली. तेव्हा सुमात्राहून येणाऱ्या पातळ, नितळ पानानं बाजार खाल्ला होता, त्याला उत्तर म्हणून. अख्ख्या शेतावर खांब रोवून कापडाचा मंडप घालायचा, म्हणजे आतलं ऊन मवाळ होतं आणि दमटपणा टिकतो. अशा सावलीत पान पातळ राहतं, शिरा बारीक राहतात आणि वाळल्यावर रंग दुधाळ चहासारखा येतो. पानं खालून वर, पिकतील तशी एकेक करून खुडतात आणि ओवून बार्नमध्ये टांगतात. माणूसबळ प्रचंड लागतं. उन्हाळ्यात दक्षिणेतले कॉलेजचे विद्यार्थी या कामाला येत. मार्टिन ल्यूथर किंग 1944 आणि 1947 च्या उन्हाळ्यांत इथल्याच सिम्सबरी गावात तंबाखूच्या शेतावर राबले होते. आता हे मंडप झपाट्यानं कमी झाले आहेत. दुकानात ‘कनेक्टिकट’ म्हणून मिळणारं बरंचसं पान इक्वाडोरमध्ये पिकतं. बियाणं इथलं, आणि कापडाचं काम तिथले ढग करतात. ते पानही चांगलंच असतं, पण इथलंच हवं असेल तर दुकानदाराला तसं विचारावं लागतं.

ब्रॉडलीफला असले लाड नाहीत. उघड्या शेतात, भर उन्हात वाढतं. पान जाड, तेलकट, शिरा ठसठशीत. काढणीला पानं खुडत नाहीत, अख्खं झाड बुंध्यातून तोडून काठीला उलटं टांगतात. वाळल्यावर पानांचे मोठे ढीग रचतात, त्यात आपोआप उष्णता तयार होते आणि पान आंबत आंबत गडद होत जातं. शेवटी हातात येतो तो काळपट, जरा खडबडीत रॅपर. दिसायला शेडपुढे गावंढळच.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण बहुतेक लोक त्याच्यामुळेच चुकीचा सिगार उचलतात. काळा म्हणजे कडक, असं नाही. निकोटीनचा दणका मुख्यतः आतल्या भरण्यावर ठरतो. काळा रॅपर लावलेला मवाळ सिगार असतो आणि फिकट रॅपरखाली डोकं गरगरवणारा भरणाही असू शकतो.

आधी ताट बघा

थँक्सगिव्हिंगचं अमेरिकन ताट तिखट नसतं, पण जड असतं. लोण्यात घोटलेला बटाटा, पाव आणि सेलरीचं स्टफिंग, टर्कीच्या रसाची ग्रेव्ही, वर क्रॅनबेरीचं आंबटगोड, आणि शेवटी दालचिनी-लवंग घातलेला भोपळ्याचा पाय (पम्पकिन पाय). तोंडाला लोण्याचा थर बसलेला असतो आणि त्यावर गोड मसाला.

अशा तोंडावर शेड लावला तर काय होतं? शेडची चव मुळात हळवी. साय, सुकं गवत, देवदारासारखं लाकूड, क्वचित पांढऱ्या मिऱ्याची झाक. ग्रेव्ही आणि पायच्या मागून ती आली तर नुसता गरम धूर ओढल्यासारखं वाटतं. ‘एवढे पैसे देऊन घेतला, पण काही कळलंच नाही’ ही तक्रार जेवणानंतर शेड ओढणाऱ्यांकडूनच ऐकू येते.

ब्रॉडलीफ इथं शोभतो. कोको, जळकी कॉफी, काकवी, ओली माती अशी त्याची चव, आणि ती पोट भरल्यावरही जिभेपर्यंत पोहोचते. पायचा शेवटचा घास, बिनदुधाची कॉफी आणि मग ब्रॉडलीफ, हा क्रम मला तरी या सणाचा सगळ्यांत जमून आलेला भाग वाटतो.

आता आपल्याकडची गोष्ट. अनेक मराठी घरांत टर्की ही बच्चेकंपनीसाठी असते आणि खरं जेवण म्हणजे मटणाचा तांबडा रस्सा. टर्कीलाच आलं-लसूण, दही, गरम मसाला चोळून ओव्हनमध्ये घालणारेही आहेत. जीभ लाल मिरचीनं पेटलेली असताना धूर घशाला लागतो. तो कोणत्याही पानाचा असो. अशा वेळी दहीभात खा, तासभर थांबा, मग पेटवा. शेडला तेव्हाही वाव नाहीच. ब्रॉडलीफचा गोडसरपणा मात्र तिखटामागून बरा लागतो.

मग शेड कधी? सकाळी. बारा-चौदा पौंडांची, स्टफिंग न भरलेली टर्की 325 फॅरनहाइटला तीन ते पावणेचार तास घेते. ती ओव्हनमध्ये गेली, पोरं टीव्हीसमोर न्यूयॉर्कची, मेसीज या दुकानाची सणाची परेड बघत बसली की यजमानाला एक रिकामा तास मिळतो. पोटात पोहे, हातात कॉफी, जीभ स्वच्छ. शेडची साय आणि लाकूड तेव्हा नीट कळतं. उपाशीपोटी मात्र कोणताच सिगार नको. निकोटीन चढलं तर घाम फुटून मळमळ सुरू होते आणि अर्धा दिवस वाया जातो. तसं झालंच तर साखर घातलेलं काहीतरी प्या आणि सिगार बाजूला ठेवून द्या.

थंडी, अंधार आणि गायब राहण्याची मुभा

नोव्हेंबरअखेर इथं साडेचारच्या आत सूर्य मावळतो. दोनला ताटं वाढली तर कॉफी होईपर्यंत बाहेर अंधार आणि हाताला झोंबणारी थंडी. यात दोन पानांमधला दुसरा फरक दिसतो. शेडचं पान कागदासारखं पातळ. उबदार घरातून एकदम कोरड्या थंडीत नेलं की कधीकधी ते तडकतं, टोकाजवळ उकलतं आणि धूर भलतीकडूनच येऊ लागतो. ब्रॉडलीफ जाड असल्यानं हे सोसतो. पण त्याचीही खोड आहे. तो सहज पेट घेत नाही आणि एका बाजूनं जळत सुटतो.

म्हणून पेटवताना घाई नको. ज्योत टोकाला भिडवू नका, जरा खाली धरा आणि सिगार बोटांत फिरवत राहा. कडेनं सगळीकडे सारखी राख धरली की मगच पहिला झुरका. वाऱ्यात काडी टिकत नाही, तेव्हा जेटसारखी ज्योत देणारा लायटर बरा. धूर तोंडात घोळवून सोडायचा, छातीत ओढायचा नाही. मिनिटाला एक झुरका पुरे. भराभर ओढलं की पान तापतं आणि कडवट होतं. सिगरेटची सवय असलेले साडू हीच चूक करतात.

आकाराचं म्हणाल तर या दिवसापुरता लहान घ्या. लांबी इंचांत असते आणि जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत, म्हणजे ‘5 बाय 50’ हा पाच इंच लांब आणि 50/64 इंच जाड. याला रोबुस्टो म्हणतात आणि तो पाऊण ते एक तास चालतो. सात इंची चर्चिलला दीड तास लागतो. तेवढा वेळ यजमान घराबाहेर राहिला तर आत भांड्यांचा ढीग, आवराआवर आणि नंतरचे टोमणे, सगळं वाट बघत असतं. थंडीत अर्धा तासही पुष्कळ होतो, त्यामुळे साडेचार इंचांच्या आसपासचा, कमी जाडीचा सिगार मिळाला तर तोच उचला. आणि बाहेर पडायच्या आधी उरलेली टर्की हाडांवरून काढून फ्रिजमध्ये टाका. शिजलेलं अन्न टेबलावर दोन तासांच्या वर ठेवू नये, असं इथलं कृषी खातं सांगतं. गप्पांच्या नादात ते दोन तास कधी उलटले ते कळतही नाही.

सासरे हॉलमध्ये असताना

ही अडचण अमेरिकन लेखांत सापडणार नाही. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आलेले असतात. चाळिशी ओलांडलेला जावईसुद्धा सासऱ्यांसमोर सिगार पेटवायला बिचकतो, आणि बिचकलंच पाहिजे असं मानणारा मीही. डेकचं दार हॉलमध्ये उघडत असेल तर गॅरेजसमोरची जागा बघा. या बाबतीत शेड सरस आहे. त्याचा वास हलका असतो, कपड्यांवर कमी रेंगाळतो. ब्रॉडलीफ ओढून आलेला माणूस जॅकेट बाहेर काढून, हात-तोंड धुऊन आला तरी सासूबाईंना कळतंच. याच कारणासाठी कुणी शेड निवडला तर मी वाद घालणार नाही. चवीपेक्षा घरातली शांतता मोठी असते, अशी घरं असतात.

घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस असेल तर धूर भिंतीपासून चांगला लांब ठेवा. आणि ज्याला सवय नाही त्याला आग्रह करू नका. हे जेवण नव्हे, पंगतीचा आग्रह इथं चालत नाही. छातीत ओढत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग त्यातूनही होतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. वर्षातून एकदा, सणाला, ही मर्यादा पाळता येणार नसेल तर नुसती कॉफी घेऊन गप्पांना बसणं हाच खरा पर्याय. कॉलेजमधल्या पुतण्याच्या हातात तर देऊच नका. 2019 च्या डिसेंबरपासून देशभर 21 वर्षांखालच्याला तंबाखू विकायला बंदी आहे.

दुकानात काय मागायचं

फरक स्वतः चाखून बघायचा असेल तर अ‍ॅश्टन ब्रँडचे दोन सिगार शेजारी ठेवा. अ‍ॅश्टन क्लासिकवर कनेक्टिकट शेड, अ‍ॅश्टन एज्ड मादुरोवर (मादुरो म्हणजे आंबवून गडद केलेलं पान) कनेक्टिकट ब्रॉडलीफ. दोन्ही डोमिनिकन रिपब्लिकमध्ये फुएन्ते घराण्याकडे वळले जातात आणि दोघांच्याही आत डोमिनिकन तंबाखू, त्यामुळे रॅपरमधला फरक बराचसा उघडा पडतो. एज्ड मादुरो काळा असूनही मवाळच आहे, नवख्या मेहुण्यालाही झेपतो. जेवणानंतरसाठी माझं मत त्यालाच.

मकानुडो कॅफे हा शेडमधला जुना, सहज मिळणारा, बेताच्या किमतीचा सिगार. सकाळच्या कॉफीला तो पुरेसा आहे. उलट टोकाला ड्रू इस्टेटचा लिगा प्रिव्हाडा नंबर 9. ब्रॉडलीफच, पण भरणा चांगलाच दणदणीत. ज्यांना सवय आहे आणि ज्यांनी पोटभर जेवण केलंय त्यांनीच घ्यावा. तो महागही आहे, आणि ज्याला दोन झुरक्यांनंतर विझवून आत जायचंय अशा पाहुण्याला तो देणं म्हणजे पैसे जाळणं.

मुंबईहून किंवा दुबईहून येणारा कुणी ड्यूटी फ्रीमधून क्युबन पेटी आणतो म्हणाला तर नको म्हणा. क्युबावर 1962 पासून व्यापारबंदी आहे. मधली काही वर्षं प्रवाशांना स्वतःपुरते सिगार आणायची सूट होती, ती सप्टेंबर 2020 मध्ये काढून घेतली. भेट म्हणून आणलेली पेटीही विमानतळावर जप्त होऊ शकते.

खरेदी बुधवारपर्यंत उरका. गुरुवारी बरीचशी सिगारची दुकानं बंद असतात, आणि कनेक्टिकटमध्ये दारूची दुकानं त्या दिवशी कायद्यानंच बंद. सोबत व्हिस्की हवी असेल तर तीही आदल्या दिवशीच आणा. घरी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारचा ओलावा टिकवणारी पेटी, नसेल तर झिपलॉकच्या पिशवीत सिगार आणि आतला दमटपणा 65 किंवा 69 टक्क्यांवर राखणारं बोवेदाचं छोटं पाकीट घाला, आणि पिशवी कपाटात, हीटरपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये नको. तिथं पान कोरडं पडतं आणि शेजारच्या कांद्याचा वास धरतं.