पद्मिनीच्या हेडचं व्हेपर ब्लास्टिंग: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

माझ्या पद्मिनी गाडीच्या इंजिनाच्या हेडवर (सिलिंडरवर बसणाऱ्या झाकणावर), तिसऱ्या प्लगच्या जरा वर, एक अंगठ्याचा ठसा आहे. माझा नाही. माझा अंगठा शेजारी लावून पाहिला, तो ठसा बराच लहान आहे. व्हेपर ब्लास्टिंगच्या, म्हणजे पाणी आणि काचेचे मणी मारून धातू साफ करणाऱ्या दुकानातल्या ज्या पोऱ्याने हेड उघड्या हाताने उचलून खोक्यात ठेवलं, त्याचाच असणार. गिऱ्हाइकाने हेडचे साडेपाच हजार मोजायचे आणि दुकानाने दहा रुपयांचे हातमोजे वाचवायचे, हा हिशोब मला आजवर पटलेला नाही. त्यावर पुढे येतोच, आधी कामाबद्दल.

गाडी सगळ्यांना माहितीये: कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी, १०८९ सीसी, ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. हेडचं पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट) गेलं, ऑइलमध्ये पाणी उतरलं, हेड काढावंच लागलं. फेसिंग (हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करणं) करायचंच होतं, म्हणून मेस्त्रींना म्हटलं की साफ करूनच बसवू. नुसत्या दिसण्यासाठी चालू इंजिनाचं हेड कुणी काढू नका. पॅकिंग, पाणी, ऑइल, मजुरी हे सगळं धरलं तर ब्लास्टिंगचा खर्च त्यात किरकोळ वाटायला लागतो, आणि तिथेच माणूस फसतो.

आता ‘ओरिजिनल फिनिश’ म्हणजे काय, यावर थोडं बोलतो, कारण जुन्या गाड्यांच्या रॅलीत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या अर्ध्या गाड्या मला बघवत नाहीत. आरशासारखं चमकणारं हेड! या गाड्या १९६४ पासून कुर्ल्यात बनत होत्या, तेव्हा कोणी हेड बफिंगला लावत बसलं नव्हतं. ओतकामातून आलेला मंद राखाडी रंग, हाताला किंचित खरखरीत लागणारा पोत, आणि फक्त मशीन मारलेल्या जागा गुळगुळीत. बुलेटच्या टायमिंग कव्हरची गोष्ट वेगळी, ते कंपनीतूनच पॉलिश होऊन यायचं. बफवाला मात्र दोन्हीला एकच न्याय लावतो. त्याच्या चाकाखाली ओतकामातली उठावाची अक्षरं आणि आकडे बोथट होतात, कडा गोल होतात, आणि गेलेला धातू परत येत नाही. बफिंगचा दर मला ब्लास्टिंगच्या निम्मा सांगितला होता. तरी नको म्हटलं. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

घरगुती उपायांची यादीही मित्रांकडून भरपूर मिळाली. कॉस्टिक सोडा तर हमखास सुचवतात. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातो, आणि ओतकामाच्या मिश्रधातूतलं सिलिकॉन, तांबं वर काळ्या थरासारखं उरतं. म्हणजे साफ करायला घेतलेलं हेड आधीपेक्षा काळं. एसीच्या कॉइल धुण्याची काही रसायनं पाच मिनिटांत पांढरं शुभ्र करतात, पण त्यात हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या घराण्यातलं काही असलं तर ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत त्रास देतं. ज्या बाटलीवर आत काय आहे तेच लिहिलेलं नाही, ती मी घरात ठेवणार नाही. ड्रिलला तारेचा ब्रश लावून केलेलं काम लांबून बरं दिसतं, जवळून नुसते ओरखडे. रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश मात्र जरूर वापरा. दुकानात देण्याआधी सगळं तेलकट मी घरीच काढलं, कारण तेलकट भागाला ते जास्तीचे पैसे लावतात.

सुकं ब्लास्टिंग आणि ओलं, म्हणजेच व्हेपर ब्लास्टिंग यात मला आधी फारसा फरक वाटत नव्हता. एका जुन्या थर्मोस्टॅट एल्बोवर (थर्मोस्टॅटवरच्या पाण्याच्या वाकड्या नळीवर) सुकं करून घेतलं होतं. पांढुरकं, खडूसारखं फिनिश आलं आणि त्यावर पहिल्याच आठवड्यात काळपट हात उमटले, कारण कोरड्या माऱ्याने पृष्ठभाग उघडा पडतो आणि तेल, मळ धरून ठेवतो. ओल्यात काचेचे बारीक मणी पाण्याबरोबर येतात, पाणी मार मऊ करतं, आणि मणी पृष्ठभागावरून घसरत जातात. खरवडणं कमी, दाबून बसवणं जास्त. हेड आलं तेव्हा त्याला रेशमी राखाडी झाक होती, ओतकामाचा पोत शाबूत, अक्षरांच्या कडा शाबूत. मेस्त्री काही बोलले नाहीत, फक्त चष्मा लावला. तीस वर्षं पद्मिन्या उघडणाऱ्या माणसाकडून एवढं मला पुरलं.

पण एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. मळाखाली काय होतं ते सगळं उघड्यावर आलं. पाण्याच्या भोकांभोवती खाल्लेले खड्डे दिसले. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड आणि मध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी, म्हणजे दोन धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते आणि झीज अॅल्युमिनियमची होते. शिवाय एका कोपऱ्यात आधीच्या मालकाने केलेलं अर्गन वेल्डिंग, जे काळ्या थराखाली कुणाला दिसलं नव्हतं. वेल्डिंगची काडी वेगळ्या मिश्रधातूची, त्यामुळे ब्लास्टिंगनंतर तो डाग वेगळ्याच छटेत उठून दिसतो. एका रात्रीपुरतं वाईट वाटलं. मग मेस्त्रींनी खड्ड्यांमध्ये भरण करून फेसिंग केलं, आणि तेव्हा जाणवलं की हे आत्ता दिसलं नसतं तर नवीन पॅकिंगही वर्षभरात गेलं असतं. म्हणून सुरुवातीचं मत बदलतो. हे काम निव्वळ हौसेचं नाही, तपासणीचंही आहे.

आता भांडण.

पहिला मुद्दा, व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडी. अॅल्युमिनियमच्या हेडात सीट लोखंडी कुळातल्या बसवलेल्या असतात. पाण्याचं ब्लास्टिंग करून तसंच खोक्यात भरलं, तर दुसऱ्या दिवशी सीटवर लालसर गंज. माझ्याकडे आलं तेव्हा होताच. सीट कापून लॅप करायच्याच (घासून व्हॉल्व्हला नीट जुळवायच्याच) होत्या म्हणून निभावलं, पण तेलाचा फवारा मारायला दुकानाला काय झालं होतं?

दुसरा मुद्दा, मणी. हेडमधल्या वाटा आणि स्टडची भोकं दुकानाने ‘हवा मारून दिली’ होती. मेस्त्रींनी गरम पाणी, बारीक ब्रश आणि परत कॉम्प्रेसर असं करून धुतलं, तेव्हा बादलीच्या तळाशी रवाळ काच बसली. काच ऑइलमधून बेअरिंगपर्यंत गेली तर इंजिनच परत उघडावं लागेल. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी ब्लास्टिंग, मग फेसिंग आणि सीटचं काम, आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांसमोर धुणं. फेसिंग आधी करून दिलंत तर पॅकिंग बसायच्या पृष्ठभागावरही मणी बसतात. ‘आम्ही टेप लावतो’ यावर विसंबू नका.

तिसरा मुद्दा, अंगठा. खरं तर मेस्त्रींच्या मते हा मुद्दाच नाही. पण ताज्या ब्लास्टिंगवर घामाचं मीठ लागलं की काळसर डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. मी साबण लावला, स्पिरिट लावलं, बारीक स्कॉचब्राइट लावलं, तर ठशाच्या भोवतीचा भाग जास्त चमकायला लागला आणि ठसा आणखी उठून दिसला. फोन केला तर उत्तर, ‘साहेब, इंजिन चालू झालं की कोण बघतंय?’ मी बघतोय! परत ब्लास्टिंग करून देतो म्हणाले, पण हेड काढून आणा. म्हणजे त्यांच्या हातमोज्यांसाठी मी परत पॅकिंग फोडायचं. ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या त्या रांगेत अशी दुकानं बरीच आहेत. मी कुठल्याचं बोलतोय ते सांगत नाही, पण तुम्ही जाल तिथे आधी मोजे विचारा.

पाऊस. आमची इमारत खाडीला लागून आहे, हवा खारट. सुरुवातीला माझं मत ठाम होतं की अॅल्युमिनियमवर काहीही लावायचं नाही, तो स्वतःचा ऑक्साइडचा पातळ थर आपणच धरतो. तत्त्व बरोबर आहे, पण आषाढात हेडच्या खोलगट जागांमध्ये पांढरी पावडर धरली. मिठाच्या हवेत तो थर पुरत नाही. मग वेगळ्या एल्बोवर दोन थर क्लिअर लॅकर मारून बसवला. होजच्या क्लिपखालून त्यात पाणी शिरलं, कड पिवळी झाली आणि पापुद्रे निघाले. लॅकर खरवडण्याचं काम हेडच्या मूळ मळापेक्षाही किचकट निघालं. आता महिन्यातून एकदा थंड इंजिनावर पातळ तेलाने ओलसर केलेलं फडकं फिरवतो आणि कोरड्याने पुसून घेतो. धूळ थोडी जास्त बसते. चालेल.

कार्ब्युरेटर त्याच दुकानात ‘एकदम देऊन टाका’ म्हणत होते. नाही दिला. त्याचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, आत जेटच्या बारीक वाटा, तिथे काचेचे मणी नकोतच. डायनॅमोची अॅल्युमिनियमची झाकणं मात्र पुढच्या वेळी करणार आहे. बुश आणि वायरिंग काढून, सुटी झाकणंच देणार. मुंबईतल्या सीएसटी रोडच्या भंगार बाजारात जुन्या टॅक्सीची एक जोडी सस्त्यात मिळाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, त्या आधी-नंतर भंगारात आलेला माल अजून थोडाफार दिसतो, पण दुकानदारांना त्याची किंमत कळायला लागली आहे. हेड उचलताना आत डोकावून पाण्याची भोकं बघा. बाहेरून काळं असलेलं चालतं, आतून खाल्लेलं नको.

पाचपैकी चार. एक अंगठ्यासाठी कापला.