पुल्चिनेल्ला घेताना टोपी घालून घेऊ नका

पुल्चिनेल्ला म्हणजे जुन्या इटालियन मुखवटा-नाटकातला विदूषक. त्याच्या पोर्सिलेनच्या मूर्तीचे 1,950 युरो, ‘तज्ज्ञा’च्या प्रमाणपत्राचे 310, कुरिअर-विम्याचे 80. एकूण 2,340 युरो पाण्यात. बदल्यात काय? काळा मुखवटा, पांढरा झगा, आणि तळापासून टोपीपर्यंत खोटा.

प्रमाणपत्र म्हणतं: ‘कापोदिमोन्ते राजकारखाना, अंदाजे 1750’. तळावर ठसठशीत निळा मुकुट आणि खाली इंग्रजी एन (N). बिंग तिथेच फुटतं! नेपल्सचा बुर्बों घराण्यातला राजा चार्ल्स, त्याचा हा पोर्सिलेन कारखाना 1743 ते 1759 चालला, खूण लिलीचं फूल. चार्ल्स स्पेनच्या गादीवर बसायला निघाला तो कारागिरांसकट सगळं माद्रिदला घेऊन गेला. मुकुटवाला एन त्याच्या मुलाच्या, फर्डिनांडच्या कारखान्याचा. तो सुरू झाला 1771 मध्ये. 1750 सालच्या मूर्तीवर तो येईलच कुठून? पुढे तर ही खूण इटलीपासून जर्मनीपर्यंत अनेक कारखान्यांनी बिनदिक्कत उचलली. हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. तळाचा फोटो मागितला तर उत्तर आलं, ‘वस्तू पॅक झालीय’. फोटो मिळाला तो पैसे गेल्यावर. तळ दिसल्याशिवाय छदाम देऊ नका.

दहापट भिंगाखाली खुणेच्या कडेला छपाईचे ठिपके दिसले, म्हणजे खूण हाताने काढलेली नाही. तळावरचे ओरखडे सगळे एकाच दिशेने, म्हणजे पॉलिश पेपर. खरी झीज वेडीवाकडी असते. टोपीचा टवका काचेसारखा चकाकतो, म्हणजे कडक (जास्त आचेवर भाजलेलं) पोर्सिलेन. कापोदिमोन्तेचं मऊ, त्याचा टवका रवाळ दिसतो. अतिनील टॉर्चही जवळ ठेवा, डागडुजी केलेली जागा बहुधा वेगळी चमकते.

आता तक्रारीचं ऐका. विक्रीच्या साइटचा निकाल: ‘वस्तू फोटोप्रमाणेच आहे.’ अरे, फोटोतली वस्तूच खोटी आहे ना! बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. इथले जर्मन पोलीस म्हणतात, विक्रेता इटलीत आहे. इटलीवाले म्हणतात, राहता तिथे तक्रार करा. एकाने तर ‘शोभेची वस्तू म्हणून ठेवा’ असा सल्ला दिला. तुमच्या टेबलावर ठेवू का, साहेब? ‘तज्ज्ञ’ तर ईमेललाही उत्तर देत नाही. विक्रेत्याने सुचवलेला तज्ज्ञ हा विक्रेत्याचाच माणूस समजा.

तोच विक्रेता आता आर्लेकिनो (त्याच नाटकातला दुसरा विदूषक) विकतोय, ‘अंदाजे 1745’, 2,200 युरो. तळाचा फोटो टाकलेला नाही.