नावं बदलली तरी कॉपी सापडते: दोन सत्रं जेप्लॅग वापरल्यावर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी डेटा स्ट्रक्चर्सची प्रॅक्टिकल्स घेते. सी++ मधल्या लिंक्ड लिस्टच्या (एकमेकांना जोडलेल्या नोडांच्या, म्हणजे माहितीच्या कप्प्यांच्या, साखळीच्या) ६८ फाइली जमा झाल्या की जोड्या होतात २,२७८. एवढ्या ताडून बघणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून गेली दोन सत्रं कोडमधली कॉपी शोधणारं जेप्लॅग वापरते आहे.

जर्मनीत कार्ल्सरूह विद्यापीठात १९९६ साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. आपल्याच लॅपटॉपवर चालतं, मुलांचा कोड बाहेर कुठल्या सर्व्हरवर चढत नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

कोडमधले शब्द ते जसेच्या तसे जुळवत नाही. इथे व्हेरिएबल आलं, इथे किंमत दिली, इथे फंक्शन बोलावलं, अशी टोकनांची माळ ओवतं आणि दोन माळांतले सारखे तुकडे शोधतं. नावं, कॉमेंट, मोकळ्या जागा माळेत येतच नाहीत. फंक्शनं वरखाली केली तरी तुकडे सापडतात.

एका फाइलीत व्हेरिएबलांची नावं हेड आणि टेम्प होती, दुसरीत ‘पहिला’ आणि ‘चालू’. कॉमेंटही मराठीत. वाचताना मला त्या मुलाचं कौतुक वाटलं होतं. जेप्लॅगने तीच जोडी यादीत सगळ्यात वर काढली. शेजारीशेजारी रंगवलेल्या ओळी बघत गेले, तर लिस्ट रिकामी आहे का हे दोघांच्याही नोड काढून टाकणाऱ्या डिलीट फंक्शनमध्ये तपासलेलंच नव्हतं. चूकसुद्धा तीच! तरी साम्याचे टक्के बघून मी कुणाचे मार्क कापत नाही. दोघांना वेगवेगळं बोलावून मधे नोड घालायला सांगितला. एकाने कागदावर बाण काढून दाखवले. दुसऱ्याने पेन खाली ठेवलं, म्हणाला, “मॅडम, मला पॉइंटरच कळले नाहीत.” पॉइंटर म्हणजे एका नोडकडून पुढच्या नोडकडे बोट दाखवणारा पत्ता. मग अर्धा तास आम्ही फळ्यावर चौकोन आणि बाणच काढत बसलो.

खरी परीक्षा होते ती मधेमधे फालतू ओळी घुसडल्या की. सलग तुकडे तुटतात आणि सरासरी साम्य घसरतं. अशा वेळी कमाल साम्याचा आकडा बघा. तो दोन फाइलींतल्या लहान फाइलीवर काढतात, त्यामुळे नुसता कोड फुगवून तो फारसा खाली येत नाही. नव्या आवृत्त्यांत निरुपयोगी ओळी गाळायची आणि तुटलेले तुकडे सांधायची सोयही आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते.

पाचपैकी चार तारे. वीसेक ओळींच्या प्रोग्रामला हे वापरू नका, तिथे सगळ्यांचंच उत्तर सारखं येतं. आणि मुलांना आपण दिलेला कोडचा सांगाडा जेप्लॅगला ‘बेस कोड’ म्हणून आधी द्या. पहिल्या खेपेला मी तो दिला नव्हता, तर अख्खा वर्ग एकमेकांची कॉपी करणारा दिसला.